भितर काय भायर

मावशीच्या डोळ्यांत थेंब घातले होते. डॉक्टर म्हणाले अजून दोनेक तास तिला धूसर दिसेल, उन्हात फार फिरवू नका, आणि मी तिला नेमकं उन्हातच घेऊन गेले. म्हणजे ठरवून नाही. मावसभाऊ ऑफिसातून सुटून पाच वाजता न्यायला येणार होता, तोवर पणजीत करायचं काय, हॉटेलात बसून किती चहा प्यायचा, मिरामारला न्यावं तर वाळूत तिचा गुडघा बोलायला लागतो, म्हणून कांपालला गाडी लावली आणि म्हटलं चल, कला अकादमीत सावलीला बसू. ती म्हणाली, आज नाटक आहे? म्हटलं नाही गं, नुसतं बसू. नाटक नसताना नाटकाच्या जागी जाऊन बसायचं हे तिला जरा विचित्र वाटलं असणार पण काही बोलली नाही. आजवर ती इथे आली ती दरवेळी रात्री, गावातल्या मंडळींबरोबर मिनीबसमधून, केसांत आबोलीचा वळेसर माळून, थेट खुर्चीपर्यंत. दिवसाउजेडी तिने ही वास्तू बघितलीच नव्हती. आणि आज बघायला मिळाली तर डोळ्यांत थेंब.

रस्त्यावरून आत वळलो आणि त्या काँक्रीटच्या पट्ट्यांच्या छपराखाली आलो. ज्यांनी बघितलंय त्यांना माहितीये, ते छप्पर म्हणजे छप्पर नव्हे, वर नुसत्या आडव्या पट्ट्या, मधून आभाळ, आणि खाली फरशीवर ऊन-सावलीचे पट्टे असे पडलेले की पाय कुठे टाकावा कळू नये. डिसेंबरातलं दुपारचं तीनचं ऊन, नदीवरून येणारा खारट वारा, कुठूनतरी आतून कुणीतरी तबल्यावर एकच बोल पुन्हा पुन्हा घासत होतं. एका खोलीच्या बाहेर चपला-बुटांची रांग. मावशी त्या पट्ट्यांमध्ये थांबली. वर बघितलं, डोळे बारीक करून. मग खाली बघितलं. मग मला म्हणाली,

"बाये, आतां आमी भितर काय भायर?"

आता आपण आत आहोत की बाहेर. मी हसले. आणि मोठ्या शहाणपणाने म्हणाले, "दोन्ही." मावशीने नुसतं हुं केलं. ते हुं मला चांगलं ओळखीचंय, लहानपणी गणिताचं उत्तर चुकलं की ती असंच करायची, चूक म्हणायची नाही, नुसतं हुं. पुढे थोडी चालली, मग नदीच्या बाजूला जाऊन पाठमोरी उभी राहिली. पलीकडे रेईश मागूशचा किल्ला, तिला तो दिसत नव्हताच, तिला फक्त उजेड दिसत होता. मी फोटो काढला. फार सुंदर आलाय तो फोटो, पट्ट्यापट्ट्यांच्या सावलीत नऊवारीतली पाठमोरी म्हातारी, एका हातात पिशवी, एका हातात चपला. माझी एक मैत्रीण आर्किटेक्ट आहे, तिला पाठवला. तिने लगेच हृदय पाठवलं, आणि खाली लिहिलं, हा प्रश्न ऐकला असता तर कोरियांनी टाळी दिली असती. कोरिया म्हणजे ही वास्तू रचणारे चार्ल्स कोरिया.

आणि तिथपासून तो प्रश्न माझ्या डोक्यात जो बसला तो बसला. पुण्याला परत येताना आंबोली चढत होतो, धुकं होतं, नवरा गाडी चालवत होता आणि मी त्याला चार्ल्स कोरियांवर भाषण देत होते. बिचारा गप ऐकत होता.

भाषण साधारण असं होतं. जगात जिथे जिथे शहराने पैसे काढून मोठं कलाकेंद्र बांधलंय तिथे बहुतेक वेळा त्या इमारतीला उभं राहायचं असतं. लांबून दिसायचं असतं. सिडनीचं ऑपेरा हाऊस १९७३ ला सुरू झालं, पाण्याच्या काठावर पांढरी शिडं उभारून, आणि आज त्या शहराची ओळखच ती. पॅरिसच्या पोंपिदूने १९७७ ला आपली आतडीच बाहेर काढून दाखवली, पाण्याचे पाइप, हवेचे पाइप, सरकते जिने, सगळं बाहेरून आणि रंगीत. आणि नेमकं त्याच दशकात मांडवीच्या काठावर, तसाच पाण्याचा शेजार मिळालेला असताना, एक माणूस उलटंच काहीतरी करतो. बसकी इमारत काढतो. झाडांच्या खाली राहील एवढीच. रस्त्यावरून गाडीतून जाताना डुलकी लागली तर अकादमी येऊन गेलेली कळत नाही. पुण्यामुंबईचे पाहुणे घेऊन जावं आणि ते विचारतात, हे का? इथून सुरू होतं का? कारण सुरू कुठून होतं हेच कळत नाही. इमारतीला तोंड नाही. बालगंधर्वला जशा समोर पायऱ्या आहेत, वर नाव आहे, आपण येतोय हे त्या वास्तूला समजल्यासारखं वाटतं, तसलं काही नाही. रस्त्याच्या बाजूने शिरलात, चालत राहिलात, तर नदीपाशी पोचता, आणि मधे कुठेतरी तुम्ही कला अकादमीत येऊन गेलेले असता. धाडसी म्हणतात ना वास्तुरचना, तर माझ्या मते हे सगळ्यात मोठं धाडस. दार न ठेवणं. सरकारी पैशाने बांधताना तर फारच.

नवरा म्हणाला, मग वॉचमन कुठे बसतो?

मी उत्तर दिलं नाही.

माझी पहिली आठवण १९९४ची. मी नऊ वर्षांची. बाबांच्या मंडळाचं नाटक अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत होतं. मंडळ म्हणजे आमच्या फोंड्याकडच्या गावातलंच, देवळाच्या उत्सवात दरवर्षी संगीत नाटक करणारं, त्यातले निम्मे शिक्षक, एक पोस्टमन, एक बागायतदार, आणि माझे बाबा पडदा ओढणारे. हसू नका, पडदा ओढणं ही मोठी कला आहे. आमच्या देवळाच्या मंडपात रंगवलेले पडदे होते, दरबाराचा, अरण्याचा, रस्त्याचा, आणि प्रवेश बदलला की बाबा दोरी सोडत आणि गडगडत अरण्य खाली येई. अरण्याच्या पडद्यावर एका कोपऱ्यात बुरशी आली होती, ती बाबांनी हिरवा रंग मारून झुडूप करून टाकली होती. दरबाराच्या पडद्यावर खांबांची रांग अशी रंगवलेली की लांब जाता जाता खांब बारीक होत गेलेले, आणि मला खरंच वाटायचं की पडद्यामागे तेवढी जागा आहे. एकदा बघायला गेले तर मागे हार्मोनियमची पेटी आणि कुणाचा तरी सदरा.

तर अशा मंडपातून आम्ही एकदम अकादमीच्या दीनानाथ मंगेशकर कलामंदिरात. गार हवा. ती मला थंडीसारखी नाही, वासासारखी आठवते, सतरंजी आणि फिनेल आणि वीज असा काहीतरी वास. स्पर्धेचं नाटक, त्यात आठवड्यातला मधलाच दिवस, साडेनऊशेच्या आसपास खुर्च्या आणि माणसं किती तर परीक्षक, आमच्या गावची एक मिनीबस, आणि पुढच्या दिवशी ज्यांचा प्रयोग होता त्या मंडळातले चौघे हेरगिरी करायला आलेले. आईने मला बसवलं आणि मी मान वळवली तर बाजूच्या भिंतीवर गॅलऱ्याच गॅलऱ्या आणि त्या माणसांनी भरलेल्या. मला खरंच हायसं वाटलं. म्हटलं चला, आलेत लोक. मग लक्षात आलं कुणी हलत नाहीये.

व्यंगचित्रकार मारियो मिरांडांनी रंगवलेली मंडळी ती. जुन्या थेटरातले सज्जे, त्यात बसलेले प्रेक्षक, सगळं भिंतीवर. नंतर मोठेपणी वाचलं की कोरियांनी मुद्दाम तसं करून घेतलं होतं, गोव्यातल्या जुन्या नाट्यगृहाचा भास व्हावा म्हणून. त्या वेळी मात्र मला त्या लोकांची भीती वाटली, मग सवय झाली, मग दुसऱ्या अंकात मी त्यांच्याकडे बघून कोणाला नाटक आवडतंय आणि कोणाला नाही हे ठरवायला लागले. नाटक तसं पडलंच. नायकाचा आवाज बसला होता, एका पदाला दाद म्हणून टाळ्या पडल्या त्या आमच्या मिनीबसच्याच. इथे पडदा वरून पडणारा नव्हताच, बटणाने सरकणारा होता आणि बटण अकादमीच्या माणसाच्या हातात, त्यामुळे बाबांना काही कामच उरलं नव्हतं. ते विंगेत हात मागे बांधून तीन तास उभे होते. परतताना बसमध्ये सगळे गप्प. आणि मग बाबा मागच्या सीटवरून म्हणाले, काही म्हणा, हाऊसफुल्ल होतं. त्यावर जो हशा पिकला तो बाणस्तारीचा पूल येईपर्यंत चालू होता.

पण रात्री घरी पोचल्यावर त्यांनी आईला जे सांगितलं ते मी अर्धवट झोपेत ऐकलं आणि ते मला त्या इमारतीबद्दल कोणीही म्हटलेलं सगळ्यात नेमकं वाक्य वाटतं. ते म्हणाले, तो रंगवलेला पडदाच आहे गं, आपल्यासारखाच, फक्त त्यांनी तो लोकांच्या बाजूला लावलाय. अगदी खरंय ते. आमच्याकडे रंगमंचावर खोटं आणि समोर खरी माणसं, इथे मंच उघडा-नागडा, काळा, आणि खोटेपणा सगळा प्रेक्षकांच्या अंगाला. पडदा ओढणाऱ्या माणसालाच हे दिसू शकतं. मारियो लोटलीचे, कोरियांचं मूळही गोव्याचंच, जन्म सिकंदराबादचा आणि कामाचा पसारा मुंबईत असला तरी. म्हणजे दोघांनाही जत्रेतलं नाटक, तियात्र म्हणजे कोंकणी नाटक, रंगवलेले पडदे हे काही परकं नसणार. पण हे आपलं माझं. त्यांनी काय विचार केला असेल ते त्यांना माहीत.

पुण्यात राहायला आल्यावर मला कोरिया परत भेटले ते विद्यापीठात, आयुका ह्या खगोलशास्त्राच्या संस्थेत, तीही त्यांनीच रचलेली. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला ते सगळ्यांना खुलं असतं, मुलाला घेऊन गेले होते. काळ्या दगडाच्या भिंती, आणि मधे ते कुंड, पायऱ्या पायऱ्यांचं, हिरवळीचं, आणि त्यात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइनस्टाइन असे आपापल्या जागी. मुलगा आइनस्टाइनच्या शेजारी जाऊन बसला आणि मी पायरीवर टेकले आणि एकदम जाणवलं की मी इथे आधी बसलेय. म्हणजे इथे नाही, पण अशाच जागी, चारी बाजूंनी इमारत आणि मधोमध आभाळाचा तुकडा, आणि आपण त्या तुकड्याच्या काठावर. भोपाळच्या भारत भवनलाही तसंच आहे, १९८२चं, उतारावरून तळ्याकडे उतरत गेलेली अंगणं, गच्चीवर चालतोय म्हणावं तर ते कुणाचंतरी छप्पर असतं. जयपूरच्या जवाहर कला केंद्रात मधला चौक असाच मोकळा. हा माणूस आयुष्यभर एकच गोष्ट वेगवेगळ्या गावांत सांगत राहिला, की आपल्या हवेत माणसाला चार भिंती आणि छप्पर एवढं दरवेळी लागत नाही, सकाळी एका जागी बरं वाटतं, संध्याकाळी दुसऱ्या, झाडाखालीही शाळा भरते. हे सगळं पटतं. डिसेंबरात फारच पटतं.

जूनमध्ये विचारा.

पणजीत वर्षाला जवळपास ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो सरळ पडत नाही. आडवा येतो, नदीवरून, तिरका. काँक्रीट काळं पडतं, आधी पागोळ्यांच्या रेघा, मग शेवाळ, मग त्या शेवाळावर इवलीइवली नेच्याची पानं. मी कॉलेजात असताना पावसाळ्यात अकादमीत कितीतरी दुपारी काढल्या, नदीच्या बाजूला बसून, तेव्हा मांडवीतून लोहखनिजाच्या बार्ज जायच्या, लाल ढिगारे घेऊन, पाण्यात जवळजवळ बुडाल्यासारख्या, आणि त्यांचा तो धगधग आवाज पावसातून यायचा. फार छान वाटायचं. ओल्या चिऱ्याचा वास, ओल्या कुत्र्यांचा वास, कुठेतरी व्हायोलिनवर पाश्चात्य संगीताचा क्लास, कुठे कथ्थकच्या मुलींचे घुंगरू, आणि आपण ना आत ना बाहेर. पण तेव्हाही मला दिसायचं की एक बाई सतत पाणी लोटत असायची. लांब दांड्याचा रबरी वायपर घेऊन, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तिची पाठ वळली की पाऊस परत आत. तिच्याशी मी कधी बोलले नाही. तिला विचारलं असतं की बाई, हे आत आहे की बाहेर, तर ती काय म्हणाली असती ते मला आता नीट ऐकू येतं.

कारण मावशीच्या घरी हेच सगळं होतं. मावशीचं सासर म्हणजे जुनं घर, मधे राजांगण, चौकोनी, मधोमध तुळस, चारी बाजूंनी सोपे आणि त्याला कोरीव लाकडी खांब. सुट्टीत गेलो की आम्ही पोरं त्या राजांगणाच्या काठावर पाय सोडून बसायचो. रात्री वर चांदण्या. पाऊस आला की चारी कौलांवरून चार धबधबे आणि मधे तुळस भिजतेय, आणि आपण हातभर अंतरावर कोरडे, हातात गरम पेज. ह्याहून मोठं सुख मी आजवर अनुभवलेलं नाही आणि हे मी लोकांना सांगत असते, लिहिलंयही पूर्वी. जे मी कधी लिहिलं नाही ते असं की मे अखेरीला मावशी विणलेले झाप चारी बाजूंनी बांधून घ्यायची, झड येऊ नये म्हणून. मोरीत पानं अडकली की रात्री दोनला उठून हात घालून काढायची, नाहीतर राजांगणाचं तळं. शेवाळावर चुना टाकायचा, करवंटीने घासायचं, आणि तरी श्रावणात कोणीतरी घसरायचंच. एकदा तीच घसरली, मनगट मोडलं. विंचू. बेडूक, आणि बेडकामागून साप. अंथरुणं दमट, पापड मऊ, देवघरातल्या काडेपेट्या पेटत नाहीत. ह्यातलं एकही काम आम्ही पोरांनी किंवा काकांनी केलेलं मला आठवत नाही.

पंधराएक वर्षांपूर्वी मावसभावाने राजांगणावर फायबरचे पारदर्शक पत्रे टाकले. मी बघितलं आणि अक्षरशः रडायला आले. खाली सगळा हिरवट पिवळा उजेड, मत्स्यालयात उभं असल्यासारखा. दुपारी भट्टी. तुळस पुढच्या अंगणात नेली. पावसाचा आवाज म्हणजे नुसता तडतडाट, बोललेलं ऐकू येईना. मी भावाशी भांडले, म्हटलं तू घर मारून टाकलंस. तो म्हणाला, तू पुण्यात असतेस. ह्यावर काय बोलणार? मावशीला विचारलं, तुला वाईट नाही वाटत? तर ती शेंगा सोलत होती, वर न बघता म्हणाली, माझी कंबर आता बरी आहे.

हे सगळं मनात होतं म्हणून असेल, पण जुलै २०२३ मध्ये जेव्हा बातमी आली की अकादमीत नूतनीकरण चालू असताना खुल्या रंगमंचावरचा स्लॅब कोसळला, तेव्हा मला धक्क्याबरोबर एक विचित्र ओळखीची भावना झाली. व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळपासून फोटो येत होते, वाकलेल्या सळ्या, तुकडे, आणि समोर त्या गोलाकार चिऱ्याच्या पायऱ्या तशाच, जणू बघत बसलेल्या. वास्तू २०२१ पासून बंद होती, त्याच्याही आधीपासून पाडायचं की दुरुस्त करायचं ह्यावर वाद, आणि मग हे. नशीब की रात्रीची वेळ होती. कोणाचं चुकलं ह्यावर गोव्यात जेवढं बोललं गेलंय तेवढं कशावर क्वचितच बोललं गेलं असेल, त्यात मी पुण्यात बसून भर घालत नाही. मी फोन केला मावशीला. तिने एवढंच विचारलं, "कोणाक लागूंक ना मगो?" नाही, कोणाला लागलं नाही. मग बरं, म्हणाली. मी मात्र दिवसभर ऑफिसात हातात काम धरू शकले नाही. त्या पायऱ्यांवर मी भजन ऐकलंय, केसरबाई केरकरांच्या नावाच्या समारोहानंतर रात्री उशिरा तिथे रेंगाळलेय, थंडीत, शाल एकच आणि आम्ही दोघी मैत्रिणी. आणि खरं सांगायचं तर मला थोडी लाजही वाटली. ज्या उघडेपणावर आम्ही एवढं प्रेम केलं, निबंध लिहिले, फोटो काढले, त्याच्या काठावर बसण्यापलीकडे आम्ही केलं काय? कोरिया २०१५ ला गेले, म्हणजे हे त्यांना बघावं लागलं नाही. मारियो त्याच्या आधीच, २०११ ला. नोव्हेंबर २०२३ ला वास्तू परत उघडली, त्यावरही वाद झाले, होत राहतील. दार नसलेल्या घरात सगळ्यांनाच यायचा हक्क असतो, भांडायलासुद्धा.

तर असं सगळं मी मावशीच्या त्या एका प्रश्नाला येऊन जोडत होते. चांगला लेख होतोय असं मला वाटत होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, डोळ्यांत थेंब घातलेले, तिला कडा दिसत नाहीत, आतला अंधार आणि बाहेरचा उजेड ह्यातला फरक पुसला गेलाय, आणि नेमक्या अशा क्षणी तिला त्या वास्तूचं मर्म दिसतं. शिवाय ती आयुष्यभर राजांगणाच्या घरात वावरलेली, म्हणजे तिच्या प्रश्नात ते घरही आलं, त्यावरचे पत्रेही आले. मैत्रीण तर म्हणाली हे तू कुठेतरी पाठवच. मी तीन पानं लिहूनही काढली होती. त्यात एक वाक्य असं होतं की मावशीच्या त्या हुं मध्ये संपूर्ण कोरिया आहे. माझं मलाच जरा जास्त झालं वाटलं, पण ठेवलं होतं.

फेब्रुवारीत तिचा फोन आला, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता टीव्हीवरची अक्षरं वाचता येतात म्हणून खुश होती. मी म्हटलं, मावशी, तो तुझा फोटो मी मोठा करून घेतलाय, फ्रेम करणारे. कुठला? अगं तो अकादमीतला, नदीपाशी, तू पाठमोरी. ती म्हणाली, भावाने दाखवला मोबाइलवर, पण तो नको फ्रेम करू, त्यात माझ्या हातात व्हाणा आहेत, लोक काय म्हणतील. मी म्हटलं असू देत गं, छान दिसतंय, पण हातात का घेतल्या होत्यास, पाय दुखत होते का?

"बाये, तुका विचारलें न्हय हांवें, भितर काय भायर म्हूण."

पलीकडे टीव्ही चालू होता. मी काहीच बोलले नाही तेव्हा तिनेच सगळं मराठीत नीट समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. कुठल्याशा खोलीच्या बाहेर पोरांच्या चपला काढून ठेवलेल्या तिला दिसल्या, नीट नाही पण रांग दिसली. आत तबला वाजत होता. फरशी स्वच्छ पुसलेली, पायाला गार लागत होती. कलामंदिर म्हणजे मंदिर, म्हणजे व्हाणा काढायला हव्यात, पण वर बघितलं तर ऊन, म्हणजे बाहेरच असणार. म्हणून तुला विचारलं. आणि तू म्हणालीस दोन्ही.

"मग मी काय करणार," मावशी म्हणाली, "हातात घेतल्या."